आजची भाकर

वांद्र्यात पायी हिंडणाऱ्या माणसाला दर दोन-चारशे पावलांवर एक क्रूस भेटतो. रानवरच्या वळणावर आहे, चिंबईच्या वाटेवर आहे, शेर्लीत, राजनमध्ये, पालीत, कांतवाडीत आहे. आमची जुनी माणसे त्याला क्रूस म्हणत नाहीत, खुरीस म्हणतात. पोर्तुगीज इथून गेले त्याला पावणेतीनशे वर्षे उलटून गेली, पण हा शब्द काही जागचा हलला नाही. एका अंगाला पंधरा मजली इमारत, दुसऱ्या अंगाला कॉफीचे दुकान, आणि मध्ये चुन्याने रंगवलेला, गळ्यात झेंडूची माळ घालून उभा असलेला खुरीस. ती माळ पाहून परगावचे पाहुणे चकित होतात. त्यात चकित होण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही. फूलवाल्याकडे झेंडू असतो आणि देवाला फूल लागते, एवढाच तो मामला आहे.

यांतल्या कित्येक खुरसांचा जन्म भीतीच्या पोटी झाला. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. शहरातली माणसे बोचकी बांधून वाट फुटेल तिकडे पळू लागली, आणि पाठोपाठ साथही उपनगरांच्या वेशीपर्यंत आली. तेव्हा वांद्र्यातल्या ख्रिस्ती वाड्यांनी आपापल्या तोंडाशी खुरीस उभे केले. मागणे साधेच होते : ही पीडा आमच्या दारावरून पुढे जाऊ दे. आता ती पीडाही गेली आणि ते मागणारेही गेले. मे महिन्याच्या संध्याकाळी मात्र अजून त्या खुरसांसमोर वाडीतली माणसे जमतात, रोझरी म्हणतात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. लहानपणी सुट्टीत मी वसईहून आजोळी यायचो तेव्हा रोझरीची पन्नास मण्यांची वाट मला चण्यांकडे जाणारी वाट वाटे. आज चाळिशी उलटली तरी तसे कधी कधी वाटते.

पण मास्तरकी आणि कादंबऱ्या लिहिणे या दोन धंद्यांनी मला एक खोड लावली आहे. एखादे साल दिसले, की त्या साली आणखी कोण काय करीत होते, हे शोधल्यावाचून मला चैन पडत नाही. खुरसावरचे साल वाचताना मला आठवतात ते डॉ. अकासिओ व्हिएगस. मूळचे गोव्याचे, धर्माने ख्रिस्ती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या बाजूला तापाने माणसे पटापट मरताहेत हे पाहून 'हा प्लेग आहे' असे पहिल्यांदा ज्यांनी उघड सांगितले ते हे. पुढे उंदीर मारणे, वस्त्या साफ करणे, यासाठी ते रोग्यांच्या खोल्यांतून हिंडत राहिले. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमाच्या समोर, त्यांचा पुतळा आहे. त्याच्यावरून रोज हजारो माणसे जातात, पण त्याला माळ घातलेली मी कधी पाहिली नाही.

त्याच साथीत, १८९७ च्या मे महिन्यात, पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात बायकांची कशी हेळसांड चालते ते पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला सुनावले. आणि त्याआधी दोन महिने, १० मार्चला, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. सावित्रीबाईंना स्वर्गाचे आश्वासन कोणी दिले नव्हते. आमच्या धर्मबांधवांपैकी ज्यांना ते मिळाले आहे, त्यांनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी असे मला वाटते. मी रागाने म्हणत नाही, पण म्हणतो खरे.

आम्हां ख्रिस्ती लोकांना वाट पाहण्याचे बाळकडूच मिळालेले असते. नाताळाआधी चार आठवडे आगमनकाळ पाळायचा, म्हणजे वाट पाहायची. ईस्टरआधी चाळीस दिवस वाट पाहायची. आणि या सगळ्याच्या वर एक मोठी वाट पाहणे आहेच : प्रभू पुन्हा येईल, जगाचा निवाडा होईल, मेलेले उठतील, रडणाऱ्यांचे डोळे पुसले जातील. माझ्या आजीने आपले उभे आयुष्य या वाट पाहण्यात घालवले. तिच्या पेटीत तळाशी एक नवे कोरे लुगडे, एक मेणबत्ती आणि एक जपमाळ बांधून ठेवलेली होती. ती तिच्या मरणाची तयारी. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर ती ते लुगडे उन्हात घाली आणि पुन्हा घडी करून ठेवी. अंगावरचे लुगडे मात्र दोन ठिकाणी ठिगळ लावलेले. 'आजी, हे नवं नेस की गं,' असे आम्ही म्हटले तर ती म्हणे, 'ते तिथलं आहे.' शेवटी ती गेली तेव्हा ते लुगडे घडीवर विरलेले निघाले. मामीने आपले नेसवले.

ही गोष्ट मी आजीची थट्टा म्हणून सांगत नाही. ज्या बाईने तीन मुले पुरली, तिला इथल्यापेक्षा तिथले खरे वाटले तर तिला कोणत्या तोंडाने शिकवायला जावे? पण 'ते तिथलं आहे' हे वाक्य मला आमच्या लोकांच्या तोंडी फार वेळा ऐकू येते, आणि ज्यांनी एकही मूल पुरलेले नाही त्यांच्या तोंडी अधिक.

हा रोग जुना आहे. इसवी सनाच्या पन्नाशीच्या सुमारास थेस्सलनीका नावाच्या बंदरगावी नवीनच ख्रिस्ती झालेली काही मंडळी होती. प्रभू आज-उद्या येणार, मग कशाला राबायचे, म्हणून त्यांतल्या काहींनी कामधंदा सोडला आणि शेजाऱ्यांच्या घरी जेवायला जाऊ लागले. पौल हा स्वतः राहुट्या शिवून पोट भरणारा माणूस. त्याने त्यांना पत्र लिहून चांगलेच खडसावले, की ज्याला काम नको त्याने ताटावरही बसू नये. अठराशे वर्षांनी अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या गृहस्थांच्या अनुयायांनी हिशेब मांडून तारीखच काढली : २२ ऑक्टोबर १८४४. काही शेतकऱ्यांनी शेतातले पीक तसेच उभे ठेवले म्हणतात. २३ तारीख उजाडली. त्या सकाळी त्या शेतांकडे पाहताना त्या माणसांना काय वाटले असेल, यावर एक कादंबरी लिहावी असे माझ्या मनात कितीतरी वर्षे आहे.

आणि आपणही हसायला नको. मी ज्या शाळेत शिकवतो तिथली मराठी शाखा आणखी दोन-तीन वर्षांत बंद होणार, असे सगळे धरून चालले आहेत. सातवीत माझ्यासमोर नऊ मुले बसतात. 'आता कशाला फळा रंगवताय,' असे माझे एक सहकारी मला म्हणतात. ते स्वतः खुर्चीत बसून निवृत्तीचे दिवस मोजतात. माणूस भला आहे, पण हे थेस्सलनीकाकर आहेत असे माझ्या मनात येते. त्या नऊ मुलांपैकी एकीला ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा आहे. शाखा बंद होईल तेव्हा होईल, तिचा घोटाळा या आठवड्यातला आहे.

मराठीचा मास्तर म्हणून काळ शिकवणे हा माझा रोजचा उद्योग. भूतकाळ मुलांना चटकन येतो. भविष्यकाळही येतो, कारण 'मी मोठेपणी कोण होणार' या विषयावर बालवाडीपासून निबंध लिहायची त्यांना सवय असते. अडते ते साध्या वर्तमानकाळात. 'तू काय करतोस?' या प्रश्नाला सरळ उत्तर देता येणारा मुलगा वर्गात विरळा. लूकचे शुभवर्तमान मी एका उन्हाळ्यात पुन्हा सबंध वाचले ते याच मास्तरी नजरेने, आणि एक मौज माझ्या ध्यानात आली. त्या पुस्तकात 'आज' हा शब्द नेमक्या ठिकाणी येतो. मेंढपाळांना निरोप मिळतो तो आज जन्म झाल्याचा. नासरेथच्या सभास्थानात येशू ग्रंथ गुंडाळून खाली बसतो आणि सांगतो ते आजचे. झाडावर चढून बसलेल्या जकातदाराच्या घरी तो उतरतो, तारण येते, तेही आज. शेजारच्या क्रुसावर लटकलेल्या चोराला वचन मिळते, तेही आजचेच. ज्या प्रार्थनेवर आम्ही लहानाचे मोठे झालो तिच्यातही भाकर मागायची ती आजच्यापुरती. उद्याच्या भाकरीचा उल्लेख नाही, वर्षाच्या धान्याचा तर नाहीच. आणि शेवटच्या निवाड्याची जी कथा मत्तयाने सांगितली आहे तिच्यात विचारले जाणारे प्रश्न पाहावेत. किती वाट पाहिलीस, हा प्रश्न तिथे नाही. भुकेल्याला वाढलेस का, आजाऱ्याच्या उशाशी गेलास का, कैद्याला भेटलास का, हे प्रश्न आहेत. म्हणजे परीक्षा उद्या, पण अभ्यासक्रम सगळा आजचा. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य आकाशाकडे डोळे लावून उभे राहिले, तेव्हा शुभ्र वस्त्रांतल्या दोघांनी त्यांना तिथेच हटकले ही गोष्ट मला फार आवडते. तिथून ते पायी यरुशलेमेला परत गेले. बरे झाले.

वारकरी वाचकांना हे सगळे नवीन वाटणार नाही. मोक्ष नको, पुन्हा पुन्हा जन्माला घाल, पण संतांची संगत दे, असे मागणारा तुकाराम त्यांच्या घरचाच. आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारे नारायण वामन टिळक आमच्या घरचे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मुंबईत झालेला. पुढे वीस-बावीस वर्षे मिशनची चाकरी केल्यावर १९१७ साली त्यांनी तिचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही तिथे बसायला जागा. दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. पण देवाचे राज्य येईल तेव्हा येवो, त्याचा एक ओसरीएवढा तुकडा साताऱ्यात आजच मांडून पाहू, ही त्यातली हिंमत मला त्यांच्या कवितेहूनही मोठी वाटते. लक्ष्मीबाईंना त्या हिमतीची काय किंमत मोजावी लागली हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको.

मात्र एक गोष्ट माझ्या या सगळ्या युक्तिवादाच्या आड येते, आणि ती लपवून ठेवणे बरे नव्हे. पंडिता रमाबाई पक्क्या वाट पाहणाऱ्या होत्या. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली आध्यात्मिक जागृतीची लाट आली तेव्हा तिथल्या मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत. पण त्याच मुक्ती सदनात दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा हातमागावर विणत होत्या, तेल काढत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. आपले बायबलाचे भाषांतर साध्या बायकांना समजले पाहिजे म्हणून बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्या कामाला चिकटून राहिल्या. तेव्हा वाट पाहणारा माणूस हातावर हात ठेवूनच बसतो असे नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर कोणी खिडकीत जाऊन उभे राहते, कोणी चूल पेटवते.

हिल रोडवर सेंट पीटर्स चर्च आहे. ६ जुलै २०२१ रोजी तिथे फादर स्टॅन स्वामींची अंत्यविधीची मिस्सा झाली. करोनाचे दिवस, आत मोजकीच माणसे. मी रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभा होतो. ते तामिळनाडूचे, येशूसंघी, आणि त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे झारखंडच्या आदिवासींत गेलेली. ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली आणि तळोजाच्या तुरुंगात ठेवण्यात आले. कंपवाताने हात असे थरथरत की पेला धरता येईना. पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. आरोप खरे की खोटे हे ठरण्याची वेळच आली नाही. जामिनाची सुनावणी चालू असताना ५ जुलैला, इथे वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. राजकारण मला कळत नाही आणि कळते असा आवही मी आणीत नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की तुरुंगातून आलेल्या त्यांच्या पत्रांत स्वतःच्या हालांपेक्षा इतर गरीब कैद्यांची हकिगत जास्त असे. आपल्यावर आरोप काय आहे हे माहीत नसलेले, वकील नसलेले, वर्षानुवर्षे पडून राहिलेले कैदी. मत्तयाच्या त्या प्रश्नपत्रिकेतला कैद्यांविषयीचा प्रश्न त्यांनी आतून सोडवला.

मोठ्या माणसांविषयी लिहिणे सोपे असते, कारण ती आपल्या घरात राहत नाहीत. आमच्या घरात राहत होते ते थोरले मामा.

थोरले मामा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. धाकटे मामा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, रिक्षा चालवतात. गावठाणातल्या वडिलोपार्जित घराचे दोन वाटे झाले तेव्हा मधली साडेतीन फुटांची गल्ली कोणाची, हे ठरायचे राहून गेले. त्या गल्लीत विहीर. १९९४ साली एकाने भिंत घातली, दुसऱ्याने पाडली, आणि दावा कोर्टात गेला. तेव्हापासून दोघे भाऊ बोलेनासे झाले. दर रविवारी दोघे एकाच चर्चमध्ये येत. मिस्सेत एक वेळ अशी येते की प्रत्येकाने शेजारच्या माणसाकडे वळून हात जोडून शांती द्यायची असते. थोरले मामा फक्त डावीकडे वळत, कारण उजवीकडच्या रांगेत धाकटे मामा असत. अठ्ठावीस वर्षे त्यांनी डावीकडेच शांती दिली. आम्ही कोणी विषय काढला तर त्यांचे उत्तर ठरलेले : 'न्याय वर होईल.' आणि हे ते कडवटपणाने नाही, मोठ्या श्रद्धेने म्हणत. पोथीत लिहिले आहे तेच ते म्हणत होते. त्यामुळे त्यांना कोणी काही बोलू शकत नसे, अगदी फादरसुद्धा.

मग अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. व्हायचे ते सगळे उपचार झाले. एके दिवशी डॉक्टरांनी आम्हांला बसवून सरळ सांगितले, की आता बरे करण्यासारखे काही उरले नाही, पण दुखणे कमी करण्यासारखे पुष्कळ आहे. आणि त्यांनी मोत माउलीच्या डोंगरावरच्या शांती आवेदना सदनाचे नाव सांगितले.

वांद्र्यात इतकी वर्षे राहून मी त्या फाटकाच्या आत कधी गेलो नव्हतो. सप्टेंबरात जत्रेच्या गर्दीत माउलीला मेणाचे हात, पाय, घरे, बाळे वाहायला लाखो माणसे त्या डोंगरावर चढतात. समुद्राकडच्या या शांत इमारतीकडे सहसा कोणी पाहत नाही. डॉ. लुईस डिसूझा या कर्करोगतज्ज्ञांनी १९८६ साली ते सुरू केले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांसाठी भारतातले ते पहिले घर. पैसे घेत नाहीत, धर्म विचारत नाहीत. लंडनला सिसिली सॉन्डर्स नावाच्या श्रद्धाळू डॉक्टरीणबाईंनी १९६७ साली असे एक घर उघडले होते, तिथून ही कल्पना जगभर पसरली. तिचा गाभा इतकाच, की ज्याचा उद्या संपला आहे त्याचा आज संपलेला नसतो. हे बोलायला सोपे आहे. आपल्याकडे तर १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आल्यावर मॉर्फिनसारखे वेदनाशामक औषध मिळवणे देशभर जिकिरीचे झाले, आणि तो कायदा थोडा सैल व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. तोवर किती माणसे ओरडत गेली असतील त्याचा हिशेब कोणत्याच खुरसावर कोरलेला नाही.

थोरले मामा तिथे गेले ते तयारीने. पहिल्याच दिवशी त्यांनी मामीला कपाटातला काळा सूट आणायला सांगितले. आजीचे लुगडे, दुसरे काय! सिस्टर म्हणाली, 'सूट घरीच राहू द्या. आज काय हवंय ते सांगा.' मामा म्हणाले, काही नको. दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारले. तिसऱ्या दिवशी मामा चिडून म्हणाले, 'हे टेबल डुगडुगतंय.' आणि फिटरचा हात शिवशिवला असावा. त्यांनी माझ्या पिशवीतून कागद मागून घेतला, त्याची नीट आठपदरी घडी घातली आणि पायाखाली सारली. तो माझ्या नव्या कादंबरीच्या मुद्रितांतला एक कागद होता. माझ्या लिखाणाचा इतका नक्की उपयोग आजवर कोणी केलेला नाही.

औषध लागू पडले, तशी वेदना उतरली. वेदना असते तेव्हा माणूस फक्त शरीर असतो. ती उतरली की आत कोणी राहत होते त्याची चाहूल लागते. मामा शेजारच्या खाटेवरच्या कुर्ल्याच्या शिंप्याशी बोलू लागले. शिंपी मुसलमान, मामांना शिवणकामातले आणि त्याला लेथ मशीनमधले काही कळत नव्हते, तरी दोघांचे तास तास चाले. सिस्टरचा रोजचा प्रश्न चालूच : आज काय? कधी दाढी, कधी रेडिओ, कधी चमचाभर बोंबलाचे कालवण, तेही गाळून. एका गुरुवारी मी गेलो तेव्हा मामा खिडकीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, 'आज त्याला बोलाव.'

कोणाला, हे मी विचारले नाही.

धाकटे मामा रिक्षाच्या खाकी कपड्यांतच आले. दारात चपला काढल्या, तिथे काढायची गरज नसते तरी. खाटेशी उभे राहिले. पाच मिनिटे कोणी बोलेना. मग थोरले मामा म्हणाले, 'विहिरीवरचा पंप चालतो का?'

'नाही. वायसर गेलाय.'

'रबरी टाकला असशील. चामड्याचा टाक. रबरी टिकत नाही.'

'बरं.'

अठ्ठावीस वर्षांनंतरचे संभाषण ते एवढे. क्षमा मागितली नाही, रडारड झाली नाही. मी कादंबरीत हा प्रसंग लिहिला असता तर निदान चार पाने लिहिली असती, आणि ती खोटी झाली असती. धाकट्या मामांनी खिशातून नखे कापायचे यंत्र काढले आणि भावाचा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक नख कापू लागले. त्यानंतर ते अकरा दिवस रोज आले. दुपारची भाडी सोडून.

एका संध्याकाळी आम्ही दोघेच असताना मी धीर करून विचारले, 'मामा, न्याय वर होणार होता ना?'

त्यांचा आवाज तोवर बसला होता. कान जवळ न्यावा लागे. म्हणाले, 'होईल की.' मग थोडे थांबून, जशी काही ही शंका त्यांना आताच आली असावी तसे म्हणाले, 'पण बाबू, तिथं गल्ली असेल का रे?'

मामांची स्वर्गावरची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. फादरांनी अभ्यंग दिला तेव्हा त्यांनी सगळ्या प्रार्थना ओठांनी म्हटल्या. मीही स्वर्ग नाही असे म्हणणारा नव्हे. आजी तिथे आहे आणि तिच्या अंगावर न विरणारे लुगडे आहे असे मी धरून चालतो. सिस्टरला मी एकदा विचारले होते, की रोज मरण पाहताना तुम्हांला परलोकाचा विचार येत असेल. ती ओली चादर ओढून काढत होती. म्हणाली, 'येतो ना, रात्री. सकाळी वेळ नसतो. ते टोक धरता का?' मी टोक धरले.

मामा रविवारी पहाटे गेले. काळा सूट त्यांना ढगळ झाला, म्हणून धाकट्या मामांनी पाठीमागून पिना लावल्या. माझ्या कादंबरीचा तो कागद टेबलाच्या पायाखाली होता तिथेच मी राहू दिला.

दावा अजून चालू आहे. आता तो मामीविरुद्ध धाकटे मामा असा आहे, कारण गल्लीवरचा हक्क कोणालाच सोडता येत नाही. मुलाबाळांचा प्रश्न आहे, बिल्डरही घिरट्या घालतो आहे. तारीख पडली की धाकटे मामा सकाळी लवकर येतात, मामीला आपल्या रिक्षात बसवून कोर्टात नेतात. तिथे दोघे आपापल्या वकिलामागे, वेगवेगळ्या बाकांवर बसतात. पुढची तारीख मिळते. परत येताना ती दोघे पाली मार्केटात उतरतात, मासळीचा भाव करतात, आणि जे मिळेल ते निम्मे निम्मे वाटून घेतात. विहिरीवरच्या पंपात चामड्याचा वायसर आहे. पाणी चांगले येते.